माझं झालं नाही अजून

आमच्या घरात मी बोलत असताना कुणी मधे बोलत नाही. मी चारच बुकं शिकले, पण लेकाला वळण असं लावलं की स्वतःचं छोटं विमान उडवतानाही तो माझा फोन घ्यायचा, कानावरच्या हेडफोनात. त्या सकाळी सुनेनं न विचारता माझ्या कपाटाच्या किल्ल्या घेतल्या. तिच्याच देखत मी त्याला फोन लावला आणि तिच्या माहेराचा उद्धार केला. तो नुसता ‘हं आई, हं आई’ करत होता. मग म्हणाला, “आई, एक मिनिट. विमानतळावरून रेडिओवर मला बोलावतायत.”

“माझं झालं नाही अजून!”

तो पुन्हा ‘हं आई’ करू लागला. थोड्या वेळानं एकाएकी फोन बंद झाला.

“आला बायकोचा पुळका!” मी म्हटलं.

दुपारी विमानतळावरचे साहेब दारात उभे राहिले. “आजी, तो चुकून मोठ्या विमानांच्या हद्दीत शिरला. आम्ही सहा वेळा हाका मारल्या. शेवटी उतरत्या विमानामागच्या हवेच्या झोतात सापडून कोसळला. त्यानं एकदाही उत्तर का दिलं नसेल?”

सुनेनं किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या.

“सांगा ना, आई. आता मधे कुणी बोलणार नाही.”