आवाज कापणारे हेडफोन

"आता कोंबडा ऐकू येतोय का?" योगिताने विचारलं.

"काय?" शुक्री एवढ्या मोठ्याने ओरडली, की कोंबडाच पळाला.

काळा हेडफोन तिने पदरावरूनच चढवला होता. योगिताने पदर मागे सारला, कानांवरच्या गाद्या नीट बसवल्या आणि मोबाईलवर गाणं लावलं. शुक्रीने लगेच तोंड वाकडं केलं.

"ढोल पोटात वाजतो याचा. जमीन हलल्यासारखं वाटतं. काढ."

मग करडा. गाणं तेच.

"हा बरा," शुक्री म्हणाली. "गाणारीचा श्वास पण ऐकू येतो. नाकातून घेते बाई."

योगिता वापीला एका कंपनीच्या ऑफिसात होती. सुट्टी काढून झरीला आईबाबांकडे आली होती, ती हे दोन खोके घेऊनच. बाहेरचा आवाज कापणारे हेडफोन. दोन्ही भारीतले. एक ठेवायचा, दुसरा परत. उद्या न्यायला माणूस येणार होता.

झरीत जमीन हलते त्याच्या जरा आधी खालून गडगडते. पहिला मोठा धक्का बसला तेव्हा सगळा पाडा अंगणात झोपायला आला. हळूहळू लोक आपापल्या घरात परतले. शुक्री आणि हिरूची खाट मात्र अजून ताडपत्रीखालीच होती.

"आमची ही भिते," हिरू विचारणाऱ्याला सांगायचा. "आता हिला एकटीला बाहेर ठेवू का?"

"लय भिते मी," शुक्री म्हणायची. "हलण्याचं काही नाही. त्या गडगडीनेच जीव जातो."

एकेकाळी तालुक्यात कुठेही विहिरीतला गाळ काढायचा असला की हिरूला बोलावणं यायचं. दोर धरून सरसर खाली उतरायचा. तेही आता शुक्रीने बंद केलं होतं. बोलवायला आलेल्यांना ती अंगणातूनच परत पाठवायची. "माझा जीव खालीवर होतो. दुसरा कोणी बघा." हिरू मान खाली घालून हसायचा. "बायकोपुढे कोणाचं चालतं?"

थंडी सुरू झाली. ताडपत्रीवर दव साचायचं, पहाटे टपटप गळायचं. हिरूच्या छातीत कफ धरला. त्याचा खोकला योगिताला फोनवर ऐकू येत होता. म्हणून ही खटपट. आईला गडगड ऐकूच आली नाही तर ती आत झोपेल. आई आत गेली की बाबाही आत जाईल.

"बाबा, तू पण लावून बघ," योगिता म्हणाली.

हिरूने काळा हेडफोन डोक्यावर ठेवला आणि लगेच काढला. "मला नको. घरात एकाने तरी बाहेरचं ऐकायला पाहिजे." मग खोकला. "योगिते, आतून माझा मफलर आण."

काळ्याची खरी परीक्षा काल संध्याकाळीच झाली होती. छोटा धक्का आला तेव्हा तो शुक्रीच्या कानांवर होता. "आला आवाज," ती म्हणाली होती. "जरा कमी आला, पण आला."

आता करड्यावर सगळी भिस्त. त्यासाठी जमीन गडगडायला हवी होती. धक्क्याची अशी वाट झरीत आजवर कोणी पाहिली नसेल.

शुक्री हेडफोन लावून वालाच्या शेंगा सोलायला बसली. मध्येच उठून आत गेली, चुलीवर भात ठेवून आली. पुन्हा आत गेली, भात ढवळून आली. कानांवरचं तसंच. हिरू रस्त्याच्या कडेला आंब्याखाली बसून बिडी ओढत होता.

"खोकला आहे आणि बिडी?" योगिता म्हणाली.

"तुझी आय ऐकत नाही, तोवर ओढून घेतो."

योगिताला हसू आलं. तेवढ्यात आलं. खालून, लांबून, ट्रक यावा तसं. कुत्री भुंकायला लागली. घरात फळीवरची भांडी किणकिणली. जमीन फारशी हलली नाही, गडगडली मात्र पुष्कळ.

शुक्री शेंगा सोलत होती. योगिताने तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा तिने वर पाहिलं. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. हिरू आंब्याच्या खोडाला दोन्ही हातांनी धरून उभा होता.

योगिताने एक गादी कानावरून उचलली. "आई, ऐकू आलं?"

"आलं," शुक्री म्हणाली. "याच्यात पण येतं. दोन्ही परत कर."

हिरू हात झटकत आला. "मी म्हटलं नव्हतं? तिचं मन धजत नाही. जबरदस्ती नको करू गं पोरी. पडून राहू इथेच."

योगिताने हेडफोन खोक्यात कोंबले. डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं की कशाचं ते तिलाही कळेना. शुक्री चहा टाकायला आत गेली, तशी ती मागोमाग गेली.

"अजून काय करू मी, सांग ना! पाडाभर लोक आत झोपतात, त्यांना नाही भीती? तुझ्यापायी बाबा मरेल त्या दवात."

शुक्री चुलीत फुंकत राहिली. लाकूड पेटल्यावर म्हणाली, "करडा चांगला आहे. कोंबडा नाही, कुत्रं नाही, काहीच नाही आलं त्यात. तू हात लावलास तेव्हा मला कळलं काहीतरी झालं."

"मग आलं का म्हणालीस?"

"हळू बोल." शुक्रीने चहा गाळला आणि कप लेकीच्या हातात दिला. "जा, हा बाहेर नेऊन दे. पहिल्या धक्क्यापासून तुझा बाबा एकदाही उंबऱ्याच्या आत आलेला नाही."