शेजारची खाट

"प्रभू, माझ्या लेकीला, शलोमीला बरं कर," वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी पुटपुटत होते. शेजारी बसलेल्या बाईचा मुलगा, समाधान, आत शलोमीच्या पलीकडच्याच खाटेवर होता.

"ताई, तुमच्या येशूला आमच्या पोराचंबी सांगा की. जातबीत इचारत न्हाई ना त्यो?"

"नाही गं," मी हसले. पण डोळे मिटले, की ओठांवर शलोमीशिवाय दुसरं नावच येईना.

दुपारी शलोमी गेली. आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं तिला घेऊन खाली उतरली. बाकावर राहिलेला तिचा स्वेटर घ्यायला मी मागे वळले. ती बाई उठून उभी राहिली, पण तिला माझ्याकडे बघवेना. आता काही मागायचा तिला धीर नव्हता.

मीच तिला जवळ बसवलं. तिचा हात धरून डोळे मिटले. "प्रभू, माझ्या..." सवयीनं आलं आणि मी थांबले. माझं आता आत कुणीच नव्हतं.

"आपल्या लेकराला बरं कर," मी म्हणाले. "आपल्या समाधानला."

ती हळूच म्हणाली, "ताई, ते शेवटचं... आमेन, ते मी म्हणू का?"