धनेशाची ढोली

वनरक्षक नवरा रोज पहाटे वर्षावनात धनेश पक्ष्याच्या ढोलीवर पहारा द्यायला जायचा. मादी चिखलानं दार लिंपून आत अंडी उबवत होती. नर तिला फटीतून फळं भरवायचा. संध्याकाळी नवरा बायकोला तेच कौतुक ऐकवायचा. ती मनातून जळायची. मग दोन दिवस नर फिरकलाच नाही. तिसऱ्या सकाळी ती नवऱ्याच्या मागोमाग गेली. तो दोराच्या शिडीवरून फटीशी उंबरं धरत होता. “खा गं राणी, उपाशी राहू नकोस.” एकोणीस वर्षांच्या संसारात त्यानं बायकोला असं विनवलं नव्हतं. शिडीच ओढून घ्यावी, असं तिला वाटलं. तेवढ्यात चोच बाहेर आली. “घेतलं!” तो पोरासारखा ओरडला. तिनं खाली पडलेली उंबरं वेचून त्याला वर दिली. परतताना त्यानं विचारलं, “तू काही खाल्लंस का?” ती पोटभर न्याहारी करून आली होती. म्हणाली, “नाही.”