अण्णांच्या निबा

"नमिता, पोरीसमोर फाशीच्या गोष्टी नकोत गं," शेजारच्या कुंदामावशींनी बजावलं होतं. नमिताने ते हसण्यावारी नेलं. तिचे सासरे अण्णा दिंडोशी कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. नातीला, ऋताला, रोज एक किस्सा सांगायचे. काल सांगितलं, फाशीची शिक्षा लिहिली की जज निब मोडतात, त्या पेनाने पुन्हा तसं लिहिलं जाऊ नये म्हणून.

आज सकाळी अण्णांच्या सगळ्या शाईपेनांच्या निबा मोडलेल्या, शेजारी पक्कड. कालच धाकट्या अनयने ऋताच्या कापडी हत्तीचा कान चावून तोडला होता. नमिता पाळण्याकडे धावली. अनय अंगठा चोखत झोपला होता.

"कुणाला दिलीस गं फाशी?" तिने ऋताला विचारलं.

"कुणालाच नाही. आधीच मोडून ठेवल्या. आता कुणी लिहूच शकणार नाही ना."

नमिताने तिला उचलून गरागरा फिरवलं आणि हसत हसत कुंदामावशींना सांगायला गेली. परत येते तर ऋता नाही, पक्कडही नाही.

"खरे जज कुठे राहतात विचारत होती," अण्णा म्हणाले. "मी म्हटलं, आपल्याच सी विंगमध्ये."


तुम्ही सी विंगमध्ये राहत असाल, तर जजकाकांना जरा बघून या ना, प्लीज.