निळं उष्टं

ओवीच्या ताटलीत उरलेला वरणभाताचा घास केतकीने सवयीने उचलला आणि ओट्यावरच्या दिव्याखाली तो निळा चमकला.

"ठेव खाली!" तिचा नवरा निनाद ओरडला.

अडीच वर्षांची ओवी ठणठणीत होती. पाळणाघरात कुणाच्या तरी लाळेतून आलेला विषाणू तिला साधी सर्दीही न देता अंगात मुक्कामाला राहिला होता. केतकीला मात्र त्याची लागण आजवर झालेली नव्हती आणि तिला आता चौथा महिना लागला होता. आता ती झाली, तर बाळ बहिरं जन्मायची भीती होती. म्हणून प्रसूतिगृहाने कालच हा दिवा दिला होता. विषाणू असेल तिथे त्याचा उजेड निळा पडायचा.

"आई, माझं उष्टं खा ना. रोज खातेस की!"

"बाळ येईपर्यंत नाही गं, राणी."

ओवी रुसली नाही. तिने चमचा दिव्याखाली धरला, मग पेला, मग स्वतःची ओली बोटं.

"एवढं सगळं निळं माझं?"

"तुझंच."

ती खूश झाली. आईला बिलगून तिने कुर्ता वर केला आणि पोटाचा पापा घेतला. निनाद ओलं फडकं घेऊन धावला.

"अरे, कातडीतून आत जात नाही ते," केतकी म्हणाली. "पूस, पण जरा थांब."

तिच्या पोटावर दोन इवले निळे ओठ उमटले होते. ओवी त्यांच्याजवळ तोंड नेऊन कुजबुजली, "बाळा, आई माझं उष्टं खात नाही. तू खा."