पेशंटला उठवू नये

पेशंट चक्क घोरायला लागला आणि भोंग्याचं धाबं दणाणलं.

भोंगा हे मोठ्या आवाजामुळे पडलेलं तिचं टोपणनाव, आणि पेशंट म्हणजे तिचीच रूममेट, चिमणी. नर्सिंग कॉलेजात पहिल्या वर्षाची पहिलीच प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. पेशंट पलंगावर असतानाच खालची चादर बदलायची. मुलींनीच एकमेकींसाठी पेशंट बनून पडायचं.

हॉस्टेलवर आल्यापासून चिमणीचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. रोज उशीत तोंड खुपसून रडायची. भोंग्यानं गाणी म्हटली, मास्तरणींच्या नकला केल्या, शेवटी पायसुद्धा धरले. चिमणी ढिम्म. काल तिनं घरी फोन करून सांगितलं, "बाबा, मला न्यायला या." बाबा आज येणार होते. बॅग भरून तयार होती. जाता जाता मैत्रिणीवर उपकार म्हणून ती पलंगावर आडवी झाली, इतकंच.

आणि आता घोरत होती!

"ए, ऊठ ना गं!" भोंगा कुजबुजली. म्हणजे तिच्या मते कुजबुजली. खिडकीतलं कबूतर उडून गेलं. चिमणी हलली नाही. बाकीच्या मुली तोंडात रुमाल कोंबून हसत होत्या. भोंग्यालाही हसू आवरेना. तशीच खुदखुदत तिनं चिमणीला हलकेच कुशीवर वळवलं, जुनी चादर गुंडाळत काढली, नवी सरकवली, कोपरे खोचले. चिमणीनं स्वच्छ चादरीवर गाल घासला आणि घोरण्याची पट्टी वाढवली.

परीक्षक सिस्टर पुढे आल्या. कपाळावर ही मोठी आठी. सगळ्यांचं हसू पळालं.

"चादर बदलली आणि पेशंटला पत्ताच नाही," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघतेय. पैकीच्या पैकी!"

मुलींनी असा काही कल्ला केला की विचारू नका. त्या कल्ल्यातच दारात चिमणीचे बाबा येऊन उभे राहिले. भोंग्याचा चेहरा पार उतरला.

बाबांनी पलंगाशी वाकून लेकीच्या खांद्याला हात लावला. "चल बाळा, ऊठ. घरी जायचंय ना?"

चिमणीनं डोळे मिटूनच तो हात झटकला.

"भोंग्या, छळू नकोस गं," ती पुटपुटली. "झोपू दे. उद्या माझी परीक्षा आहे."

बाबांनी पायथ्याचं पांघरूण तिच्या अंगावर ओढलं आणि भोंग्याकडे वळून हळूच विचारलं, "उठल्या उठल्या हिला चहा लागतो. देशील ना?"