आठ दिवस भिंतीवर

आजोबांचं हृदय मधूनच एखादा ठोका चुकवायचं, पण नव्या औषधाच्या चाचणीत नाव द्यायला ते काही केल्या तयार होईनात. "उघडून बघितल्याशिवाय मी कुठल्याच यंत्रात तेल सोडत नाही," म्हणायचे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस!

शेवटी नात त्यांना आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. त्यांच्याच रक्तातून वाढवलेल्या हृदयाच्या पेशी तिथे काचेच्या बशीत धडधडत होत्या. आजोबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि मनगटावरचं घड्याळ काढून कानाशी धरलं.

"हं. अडखळतंय खरं."

नातीने बशीत औषधाचा थेंब सोडला. तासाभरात ठोके एका लयीत पडू लागले.

"बघितलंत? आता करा सही."

"थांब. दुरुस्त केलेलं घड्याळ आधी आठ दिवस दुकानाच्या भिंतीवर चालतं, मगच गिऱ्हाईकाच्या हातात जातं."

आठ दिवस ते रोज डबा घेऊन आले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर ठाण मांडून बसले. आठव्या दिवशी त्यांनी अर्जावर झोकात सही ठोकली.

"पटली एकदाची खात्री?" नातीने विचारलं.

"ती पहिल्याच दिवशी पटली होती."

"मग इतके दिवस इथे बसून काय बघत होतात?"

"तुला. काम चोख आहे तुझं, पण मान फार वाकवतेस. टेबल उंच करून घे, नाहीतर माझ्यासारखी पाठ धरेल."